४५० चं सील, ८,१०० चं बिल: इंजिनातून ऑईल का गळतं आणि दुरुस्तीला एवढे पैसे का लागतात?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी जसंच्या तसं.)

आजचा भाग थोडा तेलकट आहे. गेल्या आठवड्यात एका श्रोत्याचा मेसेज आला. सेकंडहँड पेट्रोल हॅचबॅक, दहा वर्षं जुनी, ८५ हजार किलोमीटर झालेली. पार्किंगमध्ये गाडीखाली काळे डाग पडायला लागले. गॅरेजवाल्याने गाडी वर घेतली, टॉर्च मारला आणि सांगितलं, ‘मागचं क्रँक ऑईल सील गेलंय. ८,१०० रुपये होतील.’ आपल्या मित्राने त्या सीलची किंमत शोधली, तर ४५० रुपये. त्याचा प्रश्न सरळ होता: ‘दादा, हा मला गंडवतोय का?’

थोडक्यात उत्तर: बहुतेक नाही. पण त्या ८,१०० मधले काही पैसे वाचू शकतात. आणि त्याआधी, गळती खरंच त्या सीलमधूनच आहे का, हे बघायला हवं. तेच आज नीट समजून घेऊ. बाईकवाल्यांनी पळू नका, तुमचंही आहे पुढे.

ऑईल सील म्हणजे नेमकं काय?

इंजिन म्हणजे तेलाने भरलेला बंद डबा. पण त्या डब्यातून फिरणारे दांडे बाहेर यावे लागतात, नाहीतर ताकद चाकापर्यंत पोचणार कशी? क्रँकशाफ्टचं एक टोक पुढे येतं, तिथे पुली असते. दुसरं टोक मागे येतं, तिथे फ्लायव्हील, मग क्लच, मग गिअरबॉक्स. दांडा जिथून बाहेर येतो तिथे भोक आलं, आणि भोक आलं की तेल गळणार. ते अडवतं ऑईल सील.

दिसायला ते रबराचं कडं असतं. आत पत्र्याची रिंग, तिच्यावर रबर, आणि रबराला आतल्या बाजूने एक पातळ ओठ. हा ओठ दांड्याला टेकलेला असतो. बऱ्याच सीलांमध्ये ओठाच्या मागे बारीक गोल स्प्रिंग असते, ती ओठाला दांड्यावर दाबून धरते.

आता या बिचाऱ्याचं काम बघा. समजा दांड्याचा व्यास ७० मिलिमीटर आहे आणि इंजिन ३,००० आरपीएमवर फिरतंय. म्हणजे सेकंदाला ५० फेरे. हिशोब केला तर दांड्याचा पृष्ठभाग ओठाखालून सेकंदाला ११ मीटर वेगाने सरकतो. जवळपास ४० किलोमीटर प्रति तास! तुम्ही हायवेवर चार तास गाडी चालवली, की तो ओठ चार तास घासला जातो. तो जळत नाही, कारण ओठ आणि दांडा यांच्यामध्ये तेलाचा साधारण एक मायक्रॉनचा थर असतो. म्हणजे सीलला थोडं तेल लागतंच. फक्त ते बाहेर पडू द्यायचं नसतं.

मग ते खराब का होतं?

पहिलं कारण वय. उष्णतेने रबर कडक होतं. साधं नायट्रिल रबर सतत १०० अंशांच्या आसपास राहिलं की हळूहळू लवचिकपणा घालवतं. त्याहून महाग फ्लोरोरबर, ज्याला बाजारात ‘व्हिटॉन’ म्हणतात, ते २०० अंशांपर्यंत टिकतं. म्हणून मापं तीच असली तरी दोन सीलांच्या किमतीत बराच फरक दिसतो. क्रँकसाठी कंपनीने जे मटेरियल दिलंय तेच घ्या, इथे शंभर रुपये वाचवू नका.

दुसरं कारण, दांड्यावर पडलेली खाच. वर्षानुवर्षं ओठ एकाच जागी घासला की स्टीलवरही बारीक चरा पडतो. नखाने जाणवतो. मग नवं सीलही त्याच जागी बसवलं तर गळतं. चांगला मेकॅनिक जागा असेल तर सील एखादा मिलिमीटर पुढे-मागे बसवतो, म्हणजे ओठ ताज्या जागेवर टेकतो. नाहीतर दांड्यावर पातळ स्लीव्ह चढवायची सोय असते.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित: इंजिनाच्या आतला दाब. पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस खाली येतोच. तो बाहेर काढायला ब्रीदर किंवा पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो. तो चिखलाने तुंबला की दाब वाढतो आणि तेल सगळ्यात कमकुवत जागेतून बाहेर ढकललं जातं. ती जागा म्हणजे सील. अशा गाडीत नुसतं सील बदललं तर काही महिन्यांत परत गळती. दोष सीलचा नसतोच. पीसीव्ही व्हॉल्व्ह बदलायला किंवा साफ करायला बहुतेक गाड्यांत काही शेकडा रुपयेच लागतात.

चौथं म्हणजे घसरलेलं बेअरिंग. दांडा डुगडुगत असेल तर ओठ किती सांभाळणार?

आधी खात्री करा: गळतंय कुठून?

आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज हेच करतो. एरर जिथे दिसते तिथे बग असतोच असं नाही. तेलाचंही तसंच. ते वरून गळतं, खाली ओघळतं, चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे जातं आणि शेवटी इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यावरून टपकतं. खालून बघणाऱ्याला वाटतं, मागचं सील गेलं. प्रत्यक्षात वरचं टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळत असतं, जे काही शेकडा रुपयांचं आहे आणि तासाभरात बदलून होतं.

म्हणून ८ हजार खर्च करायच्या आधी हे करून घ्या:

१. इंजिन थंड असताना तो सगळा भाग डिग्रीझरने स्वच्छ धुऊन कोरडा करा. जुन्या तेलाच्या थरावर निदान होत नाही.

२. संशय असलेल्या जागांवर टाल्कम पावडर मारा. हो, आपली घरातलीच. गाडी २०-३० किलोमीटर चालवा आणि परत बघा. पावडर जिथे पहिल्यांदा ओली झाली तिथे गळतीचा उगम.

३. नेहमी सगळ्यात वरची ओली जागा शोधा. तेल वर चढत नाही.

४. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. सकाळी डाग कुठे पडलाय त्याचा फोटो काढा.

५. तेलाचा वास घ्या. गिअर ऑईलला गंधकाचा उग्र वास असतो आणि ते जास्त दाट असतं. तसा वास आला तर क्रँकचं नाही, गिअरबॉक्सचं किंवा ड्राइव्ह शाफ्टचं सील असू शकतं, आणि ड्राइव्ह शाफ्टच्या सीलला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

६. इंजिन आयडलिंगला ठेवून ऑईल भरायचं झाकण हळूच काढून बघा. थोडी फुसफुस ठीक आहे. जोरात धूर आणि हवा बाहेर येत असेल तर ब्रीदर तुंबलाय किंवा पिस्टन रिंगा गेल्यात. मग आधी त्याचा बंदोबस्त.

यातलं काहीच न करता गॅरेजवाला लगेच ‘गिअरबॉक्स उतरवू’ म्हणाला, तर थोडं थांबा.

४५० चे ८,१०० होतात कसे?

आपल्या श्रोत्याने कोटेशनचा फोटो पाठवला होता. त्यातल्या ओळी अशा:

- मागचं क्रँक सील: ४५०
- गिअरबॉक्स उतरवणं-चढवणं, मजुरी: ४,५००
- गिअर ऑईल, २ लिटर: ९००
- ड्राइव्ह शाफ्टची दोन सीलं: ४००
- इंजिन ऑईल आणि फिल्टर: १,६००
- सीलंट, क्लीनर वगैरे: २५०

बेरीज ८,१००. हे एका गॅरेजचे आकडे आहेत. गाडी, शहर आणि गॅरेजप्रमाणे ते बदलणारच. पण कोणत्या ओळी असतात, हे सगळीकडे जवळपास सारखंच.

आता मजुरी बघा. सील बसवायला पंधरा मिनिटं लागतात. पण तिथे पोचायला? बॅटरी काढा, एअर फिल्टरचा डबा काढा, स्टार्टर सोडवा, गिअरच्या केबल सोडवा, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट ओढा, माउंटिंग खोला, इंजिनाला खालून आधार द्या, गिअरबॉक्स उतरवा, क्लच काढा, फ्लायव्हील काढा. मग कुठे ते कडं दिसतं. आणि मग सगळं उलट्या क्रमाने. दोन माणसांचा जवळपास अख्खा दिवस जातो. तुम्ही पैसे रबराचे देत नाही, त्या वाटेचे देता.

ड्राइव्ह शाफ्ट ओढले की गिअर ऑईल बाहेर येतं, म्हणून गिअर ऑईलची ओळ योग्य. शाफ्टची सीलं त्याच वेळी बदलणंही शहाणपणाचं, कारण जुन्या सीलातून शाफ्ट परत घालताना त्याचा ओठ फाटू शकतो.

पण इंजिन ऑईलची ओळ? गाडी बंद असते तेव्हा इंजिन ऑईल खाली चेंबरमध्ये असतं आणि क्रँक त्याच्या वर. त्यामुळे मागचं सील बदलायला इंजिन ऑईल काढावंच लागतं असं नाही. आपल्या श्रोत्याने दीड महिन्यापूर्वीच ऑईल बदललं होतं. ती ओळ वगळली की बिल ६,५०० वर आलं. कमी झालेली पातळी भरायला तेवढं थोडं ऑईल घ्यावं लागेल, इतकंच. गॅरेजवाला लबाड होता असं नाही, ते सवयीने लिहितात. विचारायचं काम आपलं.

अधिकृत सर्व्हिस सेंटरला हेच काम बहुधा महाग पडतं. तिथे मजुरीचा दर जास्त असतो आणि पक्क्या बिलात मजुरीवर १८ टक्के जीएसटी लागतो. त्या बदल्यात कामाची वॉरंटी लेखी मिळते. कुठे जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण दोन्हीकडचं कोटेशन ओळीनिहाय मागा. ‘टोटल एवढे होतील’ हे कोटेशन नाही.

आजच बदलायचं की थांबायचं?

गळतीचे तीन प्रकार धरा. ओलावा, थेंब आणि धार.

ओलावा म्हणजे भाग तेलकट दिसतो, पण जमिनीवर डाग नाही. यात घाई नाही. दर १,००० किलोमीटरला डिपस्टिक बघा.

थेंब म्हणजे पार्किंगमध्ये रोज डाग. इथे गणित करू. समजा ५,००० किलोमीटरमध्ये एक लिटर ऑईल कमी होतं आणि लिटरला ५०० रुपये पडतात. ६,५०० रुपयांत तुम्ही असं १३ वेळा भराल, म्हणजे ६५ हजार किलोमीटर. नुसतं ऑईलचं गणित बघितलं तर दुरुस्ती परवडत नाही! पण गणितात एक पात्र राहिलं: क्लच. मागच्या सीलमधलं तेल क्लच प्लेटवर उडालं की क्लच घसरायला लागतो, गाडी उचलताना थरथरते. तेल प्यायलेली क्लच प्लेट सहसा साफ करून वापरता येत नाही, बदलावीच लागते.

म्हणूनच सील कधी बदलायचं, याचं खरं उत्तर क्लच देतो. क्लच सेट समजा ४,५०० चा आहे. दोन्ही कामं एकाच वेळी केली तर ६,५०० अधिक ४,५००, म्हणजे ११,०००. आज सील आणि आठ महिन्यांनी क्लच असं केलं, तर गिअरबॉक्सची मजुरी आणि गिअर ऑईल परत, म्हणजे ५,४०० रुपये जास्तीचे. क्लच जुना असेल आणि नुसता ओलावा असेल, तर क्लचची वेळ येईपर्यंत थांबा. उलट, क्लचसाठी गिअरबॉक्स उतरणारच असेल, तर ४५० चं सील न बदलता परत चढवू देऊ नका.

धार म्हणजे धार. डिपस्टिकवर आठवड्यात फरक दिसतोय. यात चर्चा नाही, गाडी उभी करा आणि काम करून घ्या. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: डॅशबोर्डवरचा तो लाल ऑईलचा दिवा तेलाची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो लागतो तेव्हा ‘ऑईल कमी झालंय’ एवढाच त्याचा अर्थ नसतो. ‘आत तेल पोचत नाहीये’ असा अर्थ असतो. ‘घरी जाऊन बघू’ म्हणायचं नाही. तिथेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा. त्या पाच किलोमीटरमध्ये सीलचं काम इंजिनच्या कामात बदलतं, आणि बिलाला आणखी एक शून्य लागतं.

बाटलीतलं ‘स्टॉप लीक’ घालू का, असंही बरेच जण विचारतात. त्यातली रसायनं रबर थोडं फुगवतात आणि मऊ करतात. वयाने कडक झालेल्या सीलचा ओलावा काही काळ कमी होऊ शकतो. पण फाटलेला ओठ किंवा दांड्यावरची खाच बाटलीने भरत नाही.

बाईकवाल्यांसाठी

तुमचं काम स्वस्त आहे, पण धोका जास्त. का? १०० सीसीच्या बाईकमध्ये ऑईलच जेमतेम लिटरभर असतं. कारमध्ये अर्धा लिटर कमी झालं तर चालून जातं, बाईकमध्ये तो अर्धा साठा आहे. शिवाय डाव्या बाजूला गळणारं तेल उडून मागच्या टायरला लागलं, की वळणावर काय होईल ते सांगायला नको.

नेहमीच्या जागा तीन: पुढच्या स्प्रॉकेटच्या मागचं सील, गिअर लिव्हरच्या दांड्याचं सील आणि किकच्या दांड्याचं सील. बाहेरून निघणारं सील असेल तर साधारण ५० ते १५० रुपये सीलचे आणि दोन-चारशे मजुरी. तासाभराचं काम. मात्र काही इंजिनांत सीलची कड आतून अडकवलेली असते, तिथे इंजिन अर्धं खोलल्याशिवाय ते निघत नाही. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: ‘सील बाहेरून निघतं की इंजिन खोलावं लागेल?’ या एका उत्तरावर पाचशे की पाच हजार ते ठरतं.

स्प्रॉकेटपाशी अजून दोन गोष्टी. एक, चेनला भरभरून ल्युब मारायची सवय असेल तर तेच तेल स्प्रॉकेट कव्हरमध्ये साठून टपकतं आणि सील गेल्यासारखं वाटतं. कव्हर काढा, साफ करा, आठवडाभर बघा. दोन, बऱ्याच बाईकमध्ये दांड्यावर एक कॉलर असते आणि तिच्या आत छोटी ओ-रिंग. सील नवं टाकलं पण ओ-रिंग जुनीच ठेवली, तर गळती चालूच राहते आणि मग मेकॅनिकच्या नावाने शिमगा.

पावसाळ्यात चेनचा चिखल थेट या सीलवर बसतो. बाईक धुताना प्रेशर पंपाचा फवारा स्प्रॉकेटच्या मागे जवळून मारू देऊ नका. त्या दाबाने वाळूचे कण ओठाखाली जातात.

आणि आरएक्स १०० सांभाळणाऱ्या मंडळींनो, टू-स्ट्रोकमध्ये क्रँक सील गेल्यावर जमिनीवर डाग पडेलच असं नाही. क्लचकडचं सील गेलं तर इंजिन गिअर ऑईल ओढून जाळतं आणि पांढरा धूर येतो. मॅग्नेटकडचं गेलं तर बाहेरची हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन पकडतो. तिथे थांबण्यात अर्थच नाही.

पार्ट घेताना आणि काम देताना

सीलवर तीन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ३०-४२-७. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसला पार्ट आणायला गेलात तर जुन्या सीलचा फोटो आणि गाडीचा चेसिस नंबर सोबत ठेवा. ओठ कोणत्या दिशेचा आहे तेही बघा, मापं जुळली तरी तो वेगळा असू शकतो.

काम देण्याआधी व्हॉट्सॲपवर एवढं लिहून पाठवा, म्हणजे दोघांच्याही लक्षात राहतं:

- गळती नक्की कुठून आहे? धुऊन बघितलंय का? फोटो पाठवा.
- कोटेशन ओळीनिहाय द्या.
- ब्रीदर किंवा पीसीव्ही तपासून द्या.
- गिअरबॉक्स उतरल्यावर क्लच आणि दांड्याचा फोटो पाठवा, मगच पुढचं ठरवू.
- जुने पार्ट परत द्या.
- परत गळलं तर मजुरी लागेल का?

चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी चिडत नाही. उलट गिऱ्हाईक समजूतदार आहे म्हणून त्यालाही बरं वाटतं.

आपल्या श्रोत्याने गाडी धुऊन, पावडर मारून बघितलं. सांध्याच्या वर सगळं कोरडं होतं, म्हणजे निदान बरोबर होतं. क्लच अजून चांगला आहे, त्यामुळे तो नुसतं सील करून घेतोय. ६,५०० मध्ये.

शेवटचं एक सांगतो. आपल्या गाडीचं तेल आपल्या पार्किंगमध्येच पडतं असं नाही. सिग्नलला पडतं, वळणावर पडतं. पहिल्या पावसात त्याच वळणावर कोणाची तरी बाईक सरकते. तेव्हा डाग दिसला तर निदान एकदा खाली वाकून बघा.

तुमच्या गाडीखाली डाग असेल तर धुऊन, पावडर मारून, उजेडात काढलेला फोटो पाठवा. कोटेशन असेल तर तेही पाठवा, निवडक कोटेशनं पुढच्या प्रश्नोत्तरांच्या भागात ओळ न् ओळ बघू. तोपर्यंत डिपस्टिक बघत राहा. भेटूया!